आईच्या मयताची मिस्सा: आधी काय काय ठरवून ठेवावं?

पानवेल | शनिवार, रात्री 11.20

आई 84 वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात तिला दवाखान्यातून घरी आणली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आता आठ-दहा दिवस. फादर येऊन आजाऱ्यांचं पवित्र तेल लावून गेले. ती शुद्धीत आहे. बोलते कमी, पण आम्ही रोजरीची जपमाळ सुरू केली की तिचे ओठ हलतात.

बाबा गेले तेव्हा मी दुबईत होते. पोचले तोवर पेटी चर्चमध्ये आणलेली होती. ऐनवेळी कोणीतरी माझ्या चुलतभावाला म्हणालं, "तू वाचन कर", आणि त्याच्याकडे चष्माच नव्हता. तो अडखळत राहिला, मागून कोणीतरी शब्द सुचवत होतं. कॉयरला कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी आपल्या सवयीची गाणी म्हटली. त्यांची चूक नाही. आम्हीच काही ठरवलं नव्हतं. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

आईच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही. पण अडचणी आहेत. भावाची मुलं इंग्रजी माध्यमातली, त्यांना मिस्सा, म्हणजे चर्चमधली भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना, इंग्रजीत हवी आहे. माझा नवरा हिंदू आहे, आईचा त्याच्यावर फार जीव. त्याला मिस्सेत काही करता येईल का? आणि उद्या झावळ्यांचा रविवार. पवित्र आठवड्यात, ईस्टरच्या आधीच्या या आठवड्यात, काही झालं तर? भाऊ म्हणतो, आई समोर असताना असले विषय काढू नकोस. मला तर वाटतं, आत्ताच काढायला हवेत.

वसईतल्या आणि बाहेरच्याही जाणत्यांनी सांगा.

बावखल | रविवार, दुपारी 1.05

पानवेल, आईला आमचा नमस्कार सांगा. मी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, बरीच वर्षं वाचकांचं काम बघतो, मयताच्या मिस्सेची तयारी पुष्कळदा माझ्याकडे येते. जरा लांबण लागेल.

आधी पवित्र आठवड्याचं सांगतो, कारण तेच तातडीचं आहे. पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवार या दिवशी मयताची मिस्सा होत नाही. नाताळाआधीचा आगमनकाळ, ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि ईस्टरपासूनचा पुनरुत्थानकाळ यांतल्या रविवारीही होत नाही, म्हणजे आज झावळ्यांच्या रविवारीही नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार चालतात. पण घाबरू नका, मिस्सा होत नाही म्हणजे अंत्यविधी होत नाही असं नाही. वाचनं, प्रवचन, प्रार्थना, अखेरचा निरोप, दफन हे सगळं त्या दिवशीही होतं, आणि मिस्सा नंतर जमेल त्या पहिल्या दिवशी ठेवतात. गुड फ्रायडेला मात्र दफन गाण्यांशिवाय, वाद्यांशिवाय, घंटेशिवाय होतं. हे घरच्यांना आधी माहीत असलेलं बरं. नाहीतर त्या दिवशी वाटतं, आमच्याच माणसाची घंटा का नाही वाजवली.

आता घरच्यांच्या हातात काय असतं? बरंच काही. 1969 साली अंत्यविधीची सुधारलेली पद्धत आली, तिच्यात तीन टप्पे आहेत. आदल्या रात्रीचा घरचा जागर, चर्चमधली मिस्सा, आणि कबरीपाशी दफन. लोक सगळं लक्ष मधल्या टप्प्यावर देतात आणि जागराला नुसती रोजरी म्हणून उठतात. खरं तर आठवणी सांगायच्या, आईची आवडती गाणी म्हणायची, नातवंडांनी त्यांच्या भाषेत काही वाचायचं, या सगळ्याला जागराइतकी मोकळी जागा दुसरी नाही. तुमच्या भाच्यांचं इंग्रजी तिथे बसवा.

मिस्सेत वाचनं तुम्ही निवडू शकता. फादरांना विचारून, पण निवड घरच्यांची. पहिल्या वाचनाला पुष्कळ जण ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय घेतात, नीतिमान माणसं देवाच्या हाती सुखरूप आहेत असं सांगणारा. हा भाग घरातल्या नेहमीच्या मराठी बायबलमध्ये बहुतेक सापडणार नाही, कारण प्रॉटेस्टंट परंपरेच्या प्रतीत ते पुस्तकच नसतं. चर्चच्या वाचनग्रंथातून आधी उतरवून घ्या. यशया 25 घेता येईल, रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय घेता येईल. प्रतिसाद स्तोत्राला 23 वं सगळ्यांना पाठ असतं, लोक उत्तर देतात. शुभवर्तमानाला योहान 14 किंवा 11. माझं स्वतःचं मत विचाराल, तर शेतात राबलेल्या माणसासाठी मी योहान 12 सुचवतो, मातीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचं. एक लक्षात ठेवा, उपवासकाळात शुभवर्तमानाआधीचा आलेलुयाचा जयघोष नसतो, मयताच्या मिस्सेतही नाही. आणि मिस्सा पुनरुत्थानकाळात गेली, तर पहिलं वाचन जुन्या करारातून घेत नाहीत, प्रेषितांची कृत्ये किंवा प्रकटीकरण यांतून घेतात. तेव्हा दोन पर्याय लिहून ठेवा.

वाचन कोण करणार ते आजच ठरवा. आणि ज्याला रडू आवरणार नाही त्याला देऊ नका. मी लेकाला माईकसमोर कोसळताना पाहिलंय. त्याला मग आयुष्यभर तेवढंच आठवतं. नात्यातला, पण एक पायरी लांबचा माणूस निवडा. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. चष्म्याचं तुम्ही सांगितलंतच.

तुमच्या यजमानांबद्दल. मिस्सेतलं वाचन कॅथलिक माणसानेच करायचं असतं, आणि कम्युनियन, म्हणजे मिस्सेत वाटतात ती पवित्र भाकर, त्यांना घेता येणार नाही. पण पेटीला खांदा ते देऊ शकतात. आईचा जीव त्यांच्यावर होता म्हणता, मग पहिल्या जोडीत त्यांना घ्या. जागरात त्यांना बोलू द्या. याने कोणाची भुवई वर गेली तर माझं नाव सांगा.

मोगरा | रविवार, दुपारी 3.40

बावखलदादांनी सगळं सांगितलं, मी भाषणांबद्दल बोलते, कारण आमच्याकडे फार वाईट झालं.

माझ्या काकांच्या मयताला कम्युनियननंतर "दोन शब्द" सुरू झाले. सोसायटीचे अध्यक्ष, मग पतपेढीचे, मग एक उमेदवार. चाळीस मिनिटं. काकू पहिल्या बाकावर, तिचा हात पेटीवर, आणि कोणीतरी काकांनी रस्त्याचं काम कसं मंजूर करून आणलं ते सांगतंय. शेवटी फादरांनी धूपदान उचललं आणि पेटीपाशी येऊन उभे राहिले, तेव्हा माईक सुटला.

मयताच्या मिस्सेत प्रवचन असतं, गुणगौरव नसतो. चर्चचा नियमच तसा आहे. मिस्सा मेलेल्या माणसासाठी देवापाशी मागणं आहे. आपण त्याच्यासाठी क्षमा मागतो, वाट मागतो. त्याचं सगळं चांगलंच होतं असं आपणच ठरवून टाकलं, तर त्याच्यासाठी मागायचं काय? कम्युनियननंतर घरचा एक माणूस थोडकं बोलू शकतो. एकच माणूस, लिहून आणलेलं, तीन मिनिटं. आणि कोण बोलणार ते फादरांना आधी कळवा, म्हणजे दुसरं कोणी उठलं तर तेच थांबवतील.

केळीचा_लोंगर | रविवार, संध्याकाळी 7.15

मोगराताई, तुमचं दुःख समजतं, पण मला थोडं वेगळं वाटतं. माझा बाप साधा माणूस. वाडीत पाणी सोडायचा, रविवारी मिस्सेला यायचा. त्याच्याबद्दल आयुष्यात कोणी माईकवर एक वाक्य बोललं नव्हतं. त्या दिवशी माझ्या बहिणीने पाच मिनिटं सांगितलं, तो केळीची रोपं लावताना प्रत्येक रोपाला क्रूसाची खूण करायचा ते. मागच्या बाकांवरची माणसं रडली. ते मिस्सेच्या बाहेरचं होतं असं मला कधीच वाटणार नाही.

मोगरा | रविवार, संध्याकाळी 7.50

तुमच्या बहिणीने केलं ते बरोबरच केलं. क्रूसाची खूण सांगणं म्हणजे प्रार्थनाच सांगणं आहे. माझं भांडण रस्त्याच्या कामाशी आहे.

दूरदेशी | रविवार, रात्री 10.30

मी कॅनडात असते. इथून थोडं वेगळं.

आईचं इथेच निधन झालं. तिला वसईच्या मातीत यायचं होतं. आख्खं शरीर विमानाने पाठवायचं म्हणजे कागदपत्रं, रसायन भरणं, दिवस आणि खर्च. शेवटी आम्ही दहन केलं. घरातली म्हातारी माणसं म्हणाली, कॅथलिक माणसाला जाळायचं? मी फादरांशी बोलले. 1963 पासून चर्चने दहनाला परवानगी दिलेली आहे, पुनरुत्थानावरचा विश्वास नाकारण्यासाठी कोणी दहन करत नसेल तर हरकत नाही. चर्चची पसंती दफनालाच आहे. आणि शक्यतो शरीर समोर असताना मिस्सा करावी, दहन नंतर. आम्ही तसंच केलं.

रक्षेबद्दल मात्र नीट माहिती असू द्या. 2016 साली रोमहून स्पष्ट सांगितलं गेलं की ती वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडायची नाही, वाटून घ्यायची नाही, घरात ठेवायची नाही. दफनभूमीसारख्या पवित्र ठिकाणी ठेवायची. 2023 च्या शेवटी थोडी मोकळीक मिळाली, काही अटींवर अगदी लहानसा अंश त्या माणसाच्या जिव्हाळ्याच्या जागी ठेवायचा विचार करता येतो. आम्ही सगळी रक्षा वसईला आणून बाबांच्या कबरीत ठेवली. विमानात ती पेटी मांडीवर होती. बसायच्या पट्ट्यासारखे माझे दोन्ही हात तिच्यावर.

नाव_नको | सोमवार, पहाटे 2.10

विषय वेगळा आहे, पण विचारायला दुसरी जागा नाही. माझ्या भावाने दोन वर्षांपूर्वी स्वतःचं जीवन संपवलं. आम्ही मिस्सा मागितलीच नाही. आजी म्हणाली, अशा माणसाला चर्चमध्ये नेत नाहीत. फादर आले, कबरीपाशी प्रार्थना केली, झालं. आता काही करता येईल का?

बावखल | सोमवार, सकाळी 6.00

हो. नक्की येईल. आजचा दिवस जाऊ देऊ नका, फादरांकडे जा.

तुमच्या आजीने सांगितलं ते तिच्या काळात खरं होतं. चर्चच्या 1917 च्या कायद्यात अशा माणसांना चर्चमधला अंत्यविधी नाकारला जायचा. 1983 च्या कायद्यातून ते कलम गेलं. तुमच्या भावाला तेव्हाही मिस्सा मिळाली असती. आताही त्याच्या नावाने मिस्सा सांगा, पुढच्या प्रत्येक वर्षदिनाला सांगा. माणूस कुठल्या दुखण्याने तिथवर पोचला ते देवाला ठाऊक असतं. तुम्ही एकटे जाऊ नका, कोणाला तरी बरोबर घ्या. सोबत हवी असेल तर मला निरोप करा, मी येतो.

पानवेल | सोमवार, रात्री 9.45

सगळ्यांचे आभार. नाव_नको, तुमच्या भावासाठी आज आमच्या घरच्या रोजरीत एक दशक, दहा मण्यांची प्रार्थना, म्हटलं.

आज सकाळी मी आईला विचारलं. भाऊ बाहेर पडवीत जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, "आई, तुझ्या मिस्सेला कोणतं वाचन ठेवू?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी बाजारातून काय आणू विचारल्यावर बघायची. वाट बघतच होती ती.

ती म्हणाली, मराठीत. मुलांना कळत नसेल तर शिकव, वेळ आहे. मग बऱ्याच वेळाने स्वतःहून सांगायला लागली, की ती लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये असायची. उत्तरं सगळी पाठ, अर्थ एकाचाही माहीत नाही. लग्नानंतर मराठी मिस्सा सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा तिला कळलं आपण काय बोलतोय ते, आणि त्या दिवशी तिला उत्तर देता येईना, गळा दाटला. घरात आम्ही कादोडी ही वसईची बोली बोलतो, प्रार्थना मराठीत. तिच्यासाठी मराठी ही देवाशी बोलायची भाषा आहे, हे मला 52 व्या वर्षी कळलं.

बाकीचंही तिने सांगितलं. लाल लुगडं ट्रंकेत आहे, तेच नेसवा, डांबराच्या गोळ्यांचा वास जाईल असं आधी उन्हात घाला. रोजरी पेटीत ठेवू नका, धाकट्या नातीला द्या. पुष्पचक्रं नकोत, ते पैसे गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉलवाल्यांना द्या. गव्हाचा दाणा तिला आवडला, फक्त म्हणाली, "आपल्याकडे भाताचा."

दुपारी लुगडं वाळत घातलं. भावाने दोरी बांधून दिली.

ऊन_पाऊस | मंगळवार, सकाळी 11.00

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला आधी, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. डॉक्टर कोण येणार, रात्री फोन उचलणार का, हे आत्ताच विचारून ठेवा. आमच्याकडे रात्री दोनला डॉक्टर शोधत फिरावं लागलं होतं. चर्चच्या ऑफिसात कुटुंबाची नोंदवही असते, बाप्तिस्म्याची माहिती तिथूनच निघते. घरचं थडगं असेल तर शेवटचं कधी उघडलं ते बघा. आपल्याकडे जागा कमी, ठरावीक काळ गेल्याशिवाय पुन्हा उघडत नाहीत.

आणि पैशांवरून कोणी मागे हटू नका. मिस्सेचं दान द्यायची पद्धत आहे, पण ऐपत नाही म्हणून गरिबाचा अंत्यविधी अडता कामा नये, हे चर्चच्या कायद्यातच आहे.

पानवेल | शुक्रवार, रात्री 11.30

आई गेली. काल मध्यरात्रीनंतर, गुड फ्रायडे लागला होता. बुधवारी फादरांनी तिला अखेरची शिदोरी, म्हणजे मरणाआधीचं कम्युनियन, दिली होती, पाण्याच्या चमच्याबरोबर इवलासा तुकडा. त्यानंतर तिने काही खाल्लं नाही.

डॉक्टर आधी सांगून ठेवले होते, अर्ध्या तासात आले. ऊन_पाऊस, तुमचे उपकार.

आज सकाळीच दफन केलं. घंटा नाही, गाणं नाही. बावखलदादा, तुम्ही आधी लिहिलं नसतं तर मी आज मोडून पडले असते. चार दिवस आम्ही गाणी निवडत होतो, कॉयरला कागद दिला होता. त्यातलं एकही म्हणता आलं नाही. आळीतल्या मुलांनी घरोघरी जाऊन निरोप दिला. लोक अंगणात उभं राहून रोजरी म्हणत होते, नंतर रस्ताभर तीच, हळू आवाजात. चर्चमध्ये वेदी उघडी होती, वर कापडसुद्धा नाही. वाचन झालं, फादर पाच मिनिटं बोलले, पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं. माझ्या नवऱ्याने उजवीकडून पहिला खांदा दिला. कोणी काही म्हटलं नाही. आईची धाकटी बहीण पुढे होऊन त्याच्या खांद्यावर दुमडलेला टॉवेल ठेवून गेली, पेटीची कड लागू नये म्हणून.

मिस्सा मंगळवारी आहे, ईस्टरनंतर.

दूरदेशी | शनिवार, पहाटे 4.20

प्रभू तिला चिरशांती देवो. मंगळवारी इथे रात्र असेल, तुमच्या मिस्सेच्या वेळी मी जागी राहीन.

नाव_नको | शनिवार, सकाळी 8.30

पानवेलताई, आईला शांती लाभो. मी सोमवारी बहिणीला घेऊन गेलो होतो. भावाची मिस्सा पुढच्या महिन्यात सांगितली आहे. फादरांनी वहीत त्याचं नाव लिहिताना मला स्पेलिंग विचारलं. दोन वर्षांत कोणी त्याचं नाव असं विचारलं नव्हतं.

पानवेल | मंगळवार, रात्री 10.15

मिस्सा झाली. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

पेटी नव्हती, आई नव्हती, फक्त तिचा फोटो आणि शेजारी शनिवारी रात्री पेटवलेली नवी पुनरुत्थानाची मेणबत्ती, या वर्षाचे आकडे कोरलेली. वेदीवर फुलं होती. शुक्रवारी जिथे काहीच नव्हतं, तिथे. घंटाही वाजली. उपवासकाळात मिस्सा झाली असती तर आलेलुया म्हणता आला नसता. आज तो म्हटला, आणि कॉयरने माझ्याकडे न बघता तीनदा म्हटला. आमच्या कागदावरची दोन गाणी उपवासकाळाची होती, ती कॉयरच्या बाईंनी स्वतःहून बदलली.

ज्ञानग्रंथाचं वाचन राहिलं, त्याऐवजी प्रकटीकरण 21 घेतलं, देव डोळ्यांतला प्रत्येक अश्रू पुसतो ते. ते वाचायला भावाची थोरली मुलगी पुढे आली. इंग्रजी मिस्सेसाठी सगळ्यात जास्त भांडलेली हीच. शनिवार-रविवार ती पडवीत बसून वाचत होती. तिला देवनागरी वाचता येते पण जोडाक्षराला थांबते, म्हणून भावाने तो उतारा वहीच्या दोन पानांवर मोठ्या अक्षरात लिहून दिला, जोडाक्षरं लाल पेनाने. "अश्रू" वर तिचं बोट थांबलं. मला वाटलं अडली. तिने श्वास घेतला आणि नीट म्हटलं.

कम्युनियननंतर भाऊ बोलला. तीन मिनिटं, लिहून आणलेलं. लॅटिनची गोष्ट त्याने सांगितली. पडवीतून ऐकत होता तर.

महिन्याची मिस्सा ठरली आहे. त्या दिवशीचं वाचन पोरीने आत्ताच मागून घेतलंय. बावखलदादा, पुनरुत्थानकाळ तेव्हाही चालू असेल ना? मग प्रेषितांच्या कृत्यांमधलं कोणतं देऊ? जोडाक्षरं कमी असलेलं बघा.

बावखल | बुधवार, सकाळी 6.10

चालू असेल, ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टपर्यंत असतो. दहावा अध्याय द्या, ओव्या 34 ते 43. जोडाक्षरं आहेत थोडी. रविवारी मिस्सेनंतर तिला माझ्याकडे पाठवा, एकदा माईकवर वाचून घेऊ.